कप्तान वकिलांची पेटी

आधी पेटीचं सांगते. नाही, थांबा, आधी माणूस सांगते, नाहीतर पेटी कळायचीच नाही.

उज्जैनला फ्रीगंजमधल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं द्यायची होती. एका सकाळी दारात एक उंच, सावळा गृहस्थ येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, खाकी पँट, मिशीला पीळ, आणि बूट असे चकचकीत की आमची मांजर त्यात स्वतःचं तोंड बघून फिस्कारली आणि पळाली. बाबा पेपर वाचत होते. ते मास्तर, त्यामुळे समोर कोणीही आला की आधी चौकशी.

"काय करता आपण?"

"वकिली."

"कधीपासून?"

"आजपासून. खोली मिळाली तर."

"आणि त्याआधी?"

"खेचरं," ते म्हणाले.

बाबांनी पेपर खाली ठेवला. मी आतल्या दारात उभी होते, मला जे हसू आलं ते मी पदरात कोंबलं. पण ते गृहस्थ अजिबात हसले नाहीत. ग्वाल्हेर रियासतीच्या फौजेत कॅप्टन होते म्हणे. लढाईत ब्रह्मदेशात गेले, तिथे खेचरांच्या तुकडीवर अधिकारी. डोंगरात जिथे मोटार जात नाही तिथे दाणागोटा, दारूगोळा, जखमी माणसं, सगळं खेचरांच्या पाठीवरून. मग देश स्वतंत्र झाला, रियासती गेल्या, रियासतीची फौज मोठ्या फौजेत मिसळली आणि छाटणीत हे घरी आले. चाळिशीला टेकलेला माणूस पुढे कॉलेजात जाऊन कायदा शिकला, नुकत्याच मिशा फुटलेल्या पोरांच्या बाकावर बसून!

नाव दिगंबर चिंचोळकर. पण आठवड्याच्या आत सगळं फ्रीगंज त्यांना कप्तान वकील म्हणायला लागलं.

आणि पाटी काय लावली माहितीये? "दि. चिंचोळकर, वकील. फक्त घरातले मामले." खाली तेच हिंदीत. अख्खी कचेरी हसली. जमीनदारी नुकतीच गेलेली, माळव्यातला जो तो जमिनीसाठी कोर्टात उभा, वकिलांना जेवायला फुरसत नाही, आणि हा माणूस नवराबायकोची भांडणं घेणार! पलीकडच्या गल्लीत व्यासजी राहायचे, म्हातारे, बडे वकील, तोंडात कायम पान. ते मुद्दाम पाटी वाचायला आले.

"अरे कप्तान साब, ये कचहरी है, छावनी नहीं. मियां-बीवी के झगड़े में वकील पड़ेगा तो दोनों तरफ से पिटेगा."

"पिटने की आदत है, व्यासजी," कप्तान म्हणाले. "चाय लेंगे?"

आई तर म्हणालीच, "लोकांच्या भांडणावर दुकान चालवणार हा माणूस? शी!" पण आठ दिवसांत तीच त्यांना वाटीभर भाजी पाठवायला लागली. कारण कप्तानांची रीतच अशी होती. कोणी समोर आलं की मान किंचित झुकवून विचारायचे, "रिपोर्ट?" दूधवाल्याला रिपोर्ट, बाबांना रिपोर्ट, आईला रिपोर्ट. आई आधी लाजायची, मग सांगायला लागली, "आज गॅसबत्ती बिघडली, धाकट्याला ताप आहे, आणि डाळ शिजून नाही राहिली." ते गंभीरपणे म्हणायचे, "नोंद घेतली." आणि संध्याकाळी गॅसबत्ती दुरुस्त होऊन यायची, सही सांगते!

चहा नेहमी उभ्यानं, टवके उडालेल्या इनॅमलच्या मगातून. आणि खेचराबद्दल कोणी वाकडं बोललेलं चालायचं नाही. एक बाई आली आणि रडत रडत म्हणाली, "वकीलसाहेब, माझा नवरा निव्वळ खेचर आहे हो!" तर कप्तान म्हणाले, "बाईसाहेब, नवऱ्याला काय म्हणायचं ते म्हणा. खेचरांचा अपमान इथे चालणार नाही." ती बाई रडता रडता हसली. मग म्हणाली, "मग तो गाढव आहे." "हां," कप्तान म्हणाले, "मालू, हे टाइप करू नको."

मालू म्हणजे मी. टायपिंग क्लासात माझ्याइतकी फास्ट कोणी नव्हती, आणि कप्तानांना टायपिस्ट हवा होता, त्यामुळे पुढच्या खोलीत माझं मशीन लागलं. माझी बोटं तोंडाइतकीच चालतात, आणि तोंड किती चालतं ते तुम्ही बघताच आहात. ते वाक्य संपवायच्या आत मी पुढचा शब्द मारलेला असायचा, आणि तो चुकलेला असायचा. ते म्हणायचे, "धीरे, मालू. शत्रू अजून लांब आहे."

एकदा मी विचारलंच, की बाकी सगळं सोडून हेच का?  मग त्यांनी रामसिंगचं सांगितलं. त्यांच्या तुकडीतला जवान. ब्रह्मदेशात हरवला, मेला असं धरलं गेलं, आणि खूप महिन्यांनी चालत परत आला. घरी गेला तर भावांनी त्याच्या बायकोला कधीच हाकलून दिलेलं. कुठे गेली, कोणाला पत्ता नाही. कप्तान स्वतः त्याच्या गावी गेले, वर्दी घालून, मेडल लावून. भावांनी चहा पाजला, सलाम केला, आणि काहीही सांगितलं नाही.

"फौजेत माझ्या एका शब्दावर अख्खी तुकडी डोंगर चढायची, मालू," ते म्हणाले. "आणि त्या चुलीपुढे मी कोणीच नव्हतो. तेव्हाच ठरवलं."

आता पेटी.

त्यांच्या खोलीत खुर्ची-टेबलाशिवाय एकच वस्तू होती. दारूगोळ्याची हिरवी लाकडी पेटी, दोन्ही बाजूंना दोराची कडी. आत दारूगोळा नाही हो, विटा भरलेल्या! फौजेत दोन जवान भांडले की कप्तान त्यांना शिक्षा करायचे नाहीत. एक पेटी द्यायचे, एक कडी याच्या हातात, एक त्याच्या, आणि डोंगर चढा. दोघांची पावलं जुळली तरच पेटी जाते, नाहीतर गुडघे फुटतात. वर पोचेपर्यंत भांडण संपलेलं असायचं.

तेच त्यांनी उज्जैनला सुरू केलं! कोणी भांडून आलं की अर्ज लिहिण्याआधी दुसऱ्यालाही बोलवायचे, आणि दोघांना सांगायचे, "ही पेटी त्या कोपऱ्यावरच्या हलवायापर्यंत न्या आणि परत आणा." पावलं जुळली तर घरी जा. नाही जुळली तर मालू, कागद लाव.

अहो, काय मजा यायची! गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. आई हातातलं पीठ तसंच घेऊन ओट्यावर. एक सराफ आणि त्याची बायको आली होती, दोघं वजनदार, सहा महिने अबोला. पेटी उचलली आणि तिसऱ्या पावलाला बायको ओरडली, "अपनी तरफ मत खींचो!" तो म्हणाला, "मैं खींच रहा हूँ? तुम बैल जैसी भाग रही हो!" सहा महिन्यांनंतरचं पहिलं बोलणं! हलवायापर्यंत भांडत गेले, तिथे पेटी तिनं त्याच्या पायावर टाकली, तो एका पायावर नाचला, ती हसत सुटली, आणि परत येताना दोघांच्या हातात पेटी आणि पेटीवर जिलबीचा पुडा. कप्तानांनी एक जिलबी उचलली आणि म्हणाले, "फी मिळाली."

गल्लीचा विश्वास बसला पेटीवर. माझा तर इतका बसला की मला वाटायचं, सगळ्या कोर्टांत एकेक ठेवली पाहिजे.

आणि मग सुमनताई कुमठेकर आल्या.

माधव नगरात राहायच्या. नवरा ऑफिसात हेडक्लार्क, मूळचा देवासचा, महाराष्ट्रातून बदली होऊन आलेला. सुमनताई शांत, गोऱ्या, बोलताना आवाज जेमतेम आमच्यापर्यंत पोचायचा. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी, शकू, तीही तशीच. इतकी गप्प पोरगी मी पाहिली नव्हती. सुमनताई फक्त एवढंच म्हणाल्या, "मला वेगळं राहायचं आहे. नवीन कायदा आलाय ना? शकूला घेऊन वेगळं."

नवीन कायदा आला होता, खरंच! हिंदू बाईला कोर्टात जाऊन असं मागता येईल हे तोवर आमच्याकडे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. उज्जैनमधला हा पहिलाच मामला झाला असता. माझी बोटं शिवशिवायला लागली. पण कप्तानांनी रीत सोडली नाही. नवऱ्याला बोलावणं गेलं.

कुमठेकर आले. मऊ आवाज, इस्त्रीचा कोट, सगळ्यांना नमस्कार. "काही गैरसमज असतील, साहेब. आपण मोठे, आपण सांगाल ते." पेटी उचलली दोघांनी, आणि देवा! काय चालले! एक पाऊल इकडचं तिकडे नाही. डावा-उजवा, डावा-उजवा, पेटी पाण्यावर तरंगल्यासारखी. हलवाई दुकानाबाहेर येऊन "वा!" म्हणाला. खिडक्यांतून टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या.

कप्तान इतके खूश! म्हणाले, "अशी जोडी मला फौजेतही मिळाली नाही. जा, बाईसाहेब, घरी जा. तुमचं काही बिघडलेलं नाही."

सुमनताईंनी काही म्हणायला तोंड उघडलं. मग नवऱ्याकडे बघितलं आणि मिटलं.

त्या परत आल्या तेव्हा एकट्या होत्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत फडक्यात बांधलेला. कप्तान मगातून चहा पीत उभे होते.

"यांनी शकूला देवासला पाठवली," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आईकडे. मी नीट वागले तर परत आणतील म्हणाले."

"आणि हात?"

"वकिलाकडे गेले म्हणून भाजला."

कप्तानांनी चहाचा मग खाली ठेवला. "पण तुमची पावलं..."

"कप्तानसाहेब," सुमनताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचला, "माझी पावलं जुळणारच हो. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या पायांकडे बघूनच चालते. कधी वळतील, कधी थांबतील, आज मूड कसा आहे, सगळं मला पायांवरून कळतं. चुकले तर काय होतं ते तुम्ही आता बघताय. तुमच्या पेटीत मी कशी चुकणार?"

 आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या!

 कप्तानांनी मिशीला हातही लावला नाही. म्हणाले, "मालू, कागद लाव." आणि त्या दिवशी मी इतकं सावकाश टाइप केलं की एकही अक्षर चुकलं नाही.

मामला उभा राहिला. सगळ्या शहरात बोंब! कोर्टाबाहेर शेंगदाणेवाले, सेववाले, जत्राच म्हणा. मधेच आमचं मध्य भारत राज्य संपलं आणि सगळं मिळून मध्य प्रदेश झालं, त्यामुळे वर राज्याचं नाव बदलून मला ढीगभर कागद पुन्हा मारायला लागले, आणि कप्तान म्हणाले, "राज्य बदललं, जवान तोच." मी खूप चिडले होते, पण हसले.

हॉस्पिटलातल्या नर्सनं हाताचं सांगितलं. समोरचा वकील म्हणाला, स्वयंपाक करताना भाजलं असेल. मग त्यानं हुकमाचं पान काढलं, आणि मला खुर्चीत बसवेना. तो म्हणाला, हे जोडपं किती सुखी आहे ते अख्ख्या फ्रीगंजनं डोळ्यांनी बघितलंय. पेटी घेऊन एकसाथ चाललेत. लोकांनी टाळ्या वाजवल्यात. आणि खुद्द सुमनबाईंचे वकील म्हणालेत की अशी जोडी फौजेतही मिळाली नाही! हलवायाला साक्षीला आणलं. तो बिचारा शपथेवर म्हणाला, "हौ साब, क्या चाल थी! बिलकुल परेड."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून कप्तानांकडे बघितलं. सगळ्या कोर्टानं बघितलं. सुमनताई खाली बघत होत्या. त्या पेटीमुळे त्यांची शकू आता देवासलाच राहणार असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

कप्तान उठले. म्हणाले, पुढची तारीख द्यावी. आणि कोर्टातून निघून सरळ व्यासजींच्या घरी गेले. मी कागद घेऊन मागे पळतेय.

व्यासजी पान लावत होते.

"व्यासजी, ये मामला आप लीजिए."

"क्यों? हार रहे हो?"

"वकील अपने मामले में गवाह नहीं बन सकता. मुझे गवाह बनना है."

व्यासजींचा हात पानावर तसाच थांबला. "होश में हो, कप्तान? शहर का सबसे बड़ा मुकदमा है. नाम मेरा होगा. और तुम कठघरे में खड़े होकर कहोगे कि मैं बेवकूफ हूँ? फिर कौन आएगा तुम्हारे पास?"

"वो मेरा सिरदर्द है. आप लेंगे या नहीं?"

व्यासजींनी पान तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं. मग म्हणाले, "बिटिया, कागज़ इधर ला."

पुढच्या तारखेला मुंगीला शिरायला जागा नव्हती. कप्तान पिंजऱ्यात उभे राहिले, वकिलीचा काळा कोट नाही, नुसता पांढरा शर्ट. व्यासजींनी थोडंच विचारलं. मग समोरचा वकील उठला, खुशीत होता.

"तुम्हीच म्हणायचात ना, पावलं जुळली तर संसार नीट आहे?"

"मीच म्हणायचो."

"यांची जुळली होती?"

"एकदम."

"मग आता तुमची पद्धत चूक झाली? बाईंची फी मिळाल्यावर?"

लोक हसले.  सगळ्यांना कळावं म्हणून कप्तान मग हिंदीत बोलायला लागले. मी मराठीत सांगते.

"साहेब, डोंगरात ओझं घेऊन चालणारं जनावर वाटेकडे बघतं. माणूसही वाटेकडे बघतो, कारण दगड वाटेत असतो. सराफ आणि त्यांची बायको वाटेकडे बघत होती, म्हणून एकमेकांना धडकत होती. ही बाई वाटेकडे एकदाही बघत नव्हती. हलवायाच्या दुकानापर्यंत आणि परत, पूर्ण वेळ तिची नजर नवऱ्याच्या बुटांवर होती. मी हे त्याच दिवशी पाहिलं."

"पाहिलं? मग तेव्हा का नाही बोललात?"

"कारण मला ते आवडलं," कप्तान म्हणाले. "मी अधिकारी होतो. हुकूम द्यायच्या आधी पाळणारा जवान मला आवडतो. बायको म्हणजे जवान नव्हे, हे माझ्या लक्षात यायला तिचा हात भाजावा लागला."

कोणी हसलं नाही.  आणि तेवढ्यात काय झालं! कुमठेकर आपल्या जागेवरून जरा अस्वस्थ होऊन उठले, एक पाऊल पुढे आले, बस्स, एकच, आणि पलीकडे बसलेल्या सुमनताई ताडकन उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. अख्ख्या कोर्टानं बघितलं, आणि न्यायाधीशांनीही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, बसा," ते हळूच म्हणाले. "नाही, थांबा. कुमठेकर, तुम्ही आधी बसा."

मला तेव्हाच कळलं, आपण जिंकलो! मी तिथेच उडी मारणार होते, व्यासजींनी डोळे वटारले म्हणून राहिले. फैसला यायला वेळ लागला, पण आला. सुमनताईंनी वेगळं राहावं, शकू आईजवळ.

व्यासजींचं नाव पेपरात आलं. कप्तानांचं "एक साक्षीदार" एवढंच. बाबा म्हणाले, हा अन्याय आहे. कप्तान म्हणाले, "नोंद घेतली," आणि आणखी मगभर चहा मागितला. महिनाभर त्यांच्या खोलीत कोणी फिरकलं नाही, व्यासजी म्हणाले होते तस्संच. मग एक बाई आली, मग तिची नणंद आली. त्या पेटीचं नावही काढत नव्हत्या. त्या म्हणायच्या, "ते खरं बोलणारे वकील इथेच ना?"

मला तोवर भोपाळचा कॉल आला होता. नवी राजधानी, नवीन सचिवालय, आणि फास्ट टायपिस्ट पाहिजेत! मी घरभर नाचले. माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी शकू देवासहून यायची होती. आणायला कप्तान स्वतः गेले होते, कोर्टाचा हुकूम खिशात घेऊन. मी सुमनताईंबरोबर उज्जैनच्याच देवास गेटच्या बसस्टँडवर उभी होते.

बस आली. धूळ, कोंबड्या, पोती, माणसं. मग कप्तान उतरले, खांद्यावर शकूची पत्र्याची ट्रंक, आणि मागून शकू. मला वाटलं, आता धावत येईल, आईला मिठी मारेल. नाहीच! ती कप्तानांच्या पँटीमागे उभी राहिली आणि आधी चारी बाजूंना बघून घेतलं.

"आई," ती कुजबुजली, "घरी कोण कोण आहे?"

"कोणी नाही गं. आपण दोघीच."

"बाबा नाहीत?"

"नाहीत."

शकूनं विचार केला. मग आईचा हात ओढून विचारलं, "मग मी ओरडू?"

 सुमनताईंनी मानेनंच हो म्हटलं.

शकूनं डोळे मिटले, दोन्ही मुठी आवळल्या, आणि ओरडली. नुसती ओरडली, शब्द नाही काही नाही, आऽऽऽ करून, श्वास संपेपर्यंत. बसचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला. हमालांनी पोती टेकवली. ती थांबली, दम घेतला, सगळे आपल्याकडे बघताहेत हे बघितलं आणि जरा घाबरली.

तेव्हा कप्तानांनी खांद्यावरची ट्रंक तशीच धरून, मान मागे टाकून, भर बसस्टँडवर आवाज दिला, "शाबास! और जोर से!"

आणि शकू पुन्हा ओरडली.